सॅक्सन सातबाऱ्यावरचा लाल ठिपका

१

आधी ठिपका ऐका, माणसं मागून येतील. ठिपका लाल होता, वाटाण्याएवढा, हजार वर्षं जुन्या कातड्याच्या खालच्या कोपऱ्यात. त्याच्याभोवती सहा माणसं अशी उभी होती, जसा काही गालिच्यावर मुडदाच पडलाय.

"मी हळद लावली," मंदाकाकू म्हणाल्या. "फक्त हळद. कुंकवाची डबी उघडलीसुद्धा नाही."

"मग हे काय, हळद लाजली?" चारुदत्त म्हणाला.

आता हा चारुदत्त म्हणजे पुण्याचा आयटीवाला, पण ते कुणी म्हटलं तर त्याला अपमान वाटतो. ख्राइस्टचर्चमध्ये त्याने अँग्लो-सॅक्सन मंडळ काढलंय. महिन्यातून एकदा तागाचा अंगरखा घालायचा, कमरेला पट्टा, गळ्यात पितळेचं काहीतरी, आणि पार्कात उभं राहून जुन्या इंग्रजीत गर्जना करायच्या. बदकं पळून जातात. अंगरखा त्याने स्वतः विणलाय असं तो सांगतो. निशिगंधाने एकदा कॉलरच्या आत धुण्याच्या सूचनांचं लेबल पाहिलं होतं.

निशिगंधा म्हणजे आपली रिकार्टनच्या केमिस्टच्या दुकानातली फार्मसिस्ट. मंदाकाकूंच्या घरात एक खोली भाड्याने घेऊन राहते. काकू मूळच्या नाशिकच्या. दोन वर्षांपासून फेंडल्टनच्या ह्या बंगल्यात हॅलोवेल नावाच्या म्हाताऱ्याला सांभाळतात: गोळ्या, आंघोळ, जेवण, कुत्रा, सगळं. काकूंचा व्हिसा ह्याच नोकरीवर टांगलेला. म्हाताऱ्याने पत्र दिलं तर पुढची तीन वर्षं, नाही दिलं तर सरळ नाशिकचं विमान.

आणि हॅलोवेल? रिटायर्ड हेडमास्तर. जन्म इथलाच, बापाचा पण इथलाच, तरी स्वतःला सॅक्सन समजतो. कुत्र्याचं नाव आल्फ्रेड. डोळ्यांत मोतीबिंदू, पण तोरा शाबूत. घरात जुन्या कागदांचा ढीग, आणि त्या ढिगाचा राजा म्हणजे हे एक पान. दहाव्या शतकात कुणीतरी बहिणीला जमीन दिली त्याची सनद. हद्दी सगळ्या त्यांच्या जुन्या बोलीत लिहिलेल्या, गावकऱ्यांना वाचून दाखवता याव्यात म्हणून: ओढ्यापासून काटेरी झाडापर्यंत, तिथून जुन्या चराने टेकडीपर्यंत. काकूंना हे समजावलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे सातबारा." चारुदत्तला भोवळ यायची बाकी होती. म्हाताऱ्याला मात्र शब्द आवडला. तेव्हापासून तोही 'साट्-बारा' म्हणायचा. बुधवारी म्युझियमची बाई ते पान न्यायला येणार होती. म्हाताऱ्याने दान केलं होतं.

२०१३चा दसरा नेमका रविवारी आला. आपट्याऐवजी इथल्या कोवाईच्या झाडाची पानं, पाटीवर सरस्वती, टेबलावर पुस्तकं. म्हातारा स्वतःच म्हणाला, माझा साट्-बारा पण ठेव पूजेत. काकूंनी कुंकवाचा डाग पडेल म्हणून ओल्या हळदीचं नुसतं टिंब लावलं, तेही कोऱ्या कोपऱ्यात. मग सगळे जेवायला गेले. श्रीखंड, पुरी, बटाट्याची भाजी, लिंबू पिळलेली कोशिंबीर. तासाभराने परत आले, तर टिंब लाल.

"डाग निघेल, मंदा," हॅलोवेल म्हणाला. म्हणजे इंग्रजीत म्हणाला, पण थंडपणा असाच. "खोटं निघत नाही. बुधवारनंतर येऊ नकोस. इमिग्रेशनचं पत्र मी लिहिणार नाही."

काकू पदराने हात पुसत राहिल्या. हात कोरडेच होते.

"जाऊ द्या ना सर," शिरीष हळूच म्हणाला. हा शिरीष म्हणजे गरीब गाय. म्हाताऱ्याचे कागद दोन वर्षं फुकट स्कॅन करतोय. "काकूंवर ओरडू नका. एक्स्पर्ट वगैरे कशाला, गावभर होईल. मी घरी नेतो, डाग काढून मंगळवारी आणतो. चार वाजता निघतोच आहे."

किती चांगला मुलगा, असं सगळ्यांच्या चेहऱ्यावर आलं.

काकूंनी निशिगंधाला स्वयंपाकघरात ओढलं. "निशी, तुला एक सांगू? तिथे बोलले असते तर अजून हसले असते. मी दोन वर्षं दर शुक्रवारी ते पान पुसते. त्याला जुन्या ट्रंकेचा वास येतो. आज टिंब लावायला वाकले ना, तर मेंढीचा आला."

२

घड्याळात अडीच. चारला पान जाणार, आणि पानाबरोबर काकूंची बाजूही.

निशिगंधाने आधी चारुदत्तला धरलं, कारण तो सगळ्यात जास्त ओरडत होता. तो दिवाणखान्यात आरशासमोर पट्टा नीट करत होता.

"तुम्हाला हे पान वाचता येतं ना?" तिने विचारलं.

"वाचता? अगं, मी त्यात जगतो."

"मग दाखवा ना. मला पण कळू दे, काय खराब झालं ते."

खुशामतीला हा माणूस कधी नाही म्हणालाय? पानाजवळ आला, पहिल्या ओळीवर बोट ठेवलं, छाती फुगवली आणि गर्जायला लागला. आल्फ्रेड सोफ्याखाली गेला. बोट सरकतंय, गर्जना चाललीये, आणि अचानक गर्जना संपली. बोट तिसऱ्या ओळीत. पानावर ओळी बारा.

"बाकीच्या नऊ?"

"ते... हद्दी आहेत. रटाळ असतं ते."

म्हणजे हा तीन ओळी घोकून आलेला. पान अस्सल असो नाहीतर किराण्याची यादी असो, हा तेच म्हणणार.

"जूनमध्ये तुमच्या मंडळाने कातड्याचा कागद बनवायचं वर्कशॉप घेतलं होतं ना? कुठे झालं?"

"इथेच, मागच्या गॅरेजमध्ये. आले दोघंच, सरांचा पुतण्या आणि शिरीष, पण घेतलं मी." छाती परत वर. "ताजं मेंढीचं कातडं. पिंपात भिजवायचं, खरवडायचं, चौकटीवर ताणायचं. हजार वर्षांपूर्वी जसं करायचे तस्सं."

"तुम्ही केलंत?"

"मी मार्गदर्शन केलं."

खिडकीतून खो खो हसण्याचा आवाज आला. बाहेर शिडीवर गॅव्हिन होता.

गॅव्हिन म्हाताऱ्याचा पुतण्या. भूकंपात पडलेली चिमणी अडीच वर्षांनी आत्ता बांधतोय, तेही रविवारी, कारण इतर दिवशी त्याला इतरांच्या चिमण्या आहेत. पायात जँडल्स, म्हणजे आपल्या रबरी स्लिपरा, केसांत सिमेंट.

"तो पिंपात वाकला आणि ओकला," गॅव्हिन म्हणाला. "मग घरी गेला. मी तिथे सॉसेजेससाठी होतो."

"मग कातडं पूर्ण कुणी केलं?"

"मला काय ठाऊक. मी खाऊन गेलो."

"ते पान म्युझियमला चाललंय. तुला काही मिळणार नाही. राग येत नाही?"

"त्या कातड्याला आमच्याकडचे उंदीर पण तोंड लावणार नाहीत. म्हाताऱ्याने घर ठेवलं म्हणजे झालं. मग सगळं स्वीट ॲज, एकदम मस्त." त्याने हात पुढे केले. भेगाच भेगा, पांढऱ्या कडांच्या. "हे बघ, तुझ्याच दुकानातून क्रीम नेलं होतं. काही उपयोग नाही त्याचा."

"दिवसातून तीनदा लावायचं असतं. तू डबी ट्रकमध्ये ठेवली असशील."

"ट्रकमध्येच आहे," गॅव्हिन म्हणाला. त्यात त्याला काही वावगं वाटलं नाही.

राहिला शिरीष. अभ्यासिकेत स्कॅनरची वायर गुंडाळत होता, हातात नेहमीचे पांढरे सुती हातमोजे. आधी तर तो मोजेही घालत नसे, पण इथल्या जून-जुलैच्या हिवाळ्यापासून घालायला लागला. जेवताना पण काढले नव्हते. म्हणे, जेवणानंतर कागद हाताळायचेत, तेल लागायला नको. आणि पुरी? पुरी त्याने सुरी-काट्याने खाल्ली. निशिगंधा समोर बसून बघत होती, सुरीखाली पुरी फुस्स झाली, याने तुकडा काट्याला टोचला, श्रीखंडात बुडवला. आणि शेजारीच चारुदत्त, स्वयंघोषित सॅक्सन सरदार, पाची बोटं कोशिंबिरीत घालून ओरपत होता. तिला वाटलं होतं, घ्या, दुसरा साहेब. ह्या घरात पाऊल टाकलं की आपल्या लोकांना होतं तरी काय.

"शिरीष, तुला काय वाटतं? काकू खोटं बोलतात?"

"घाबरल्या असतील गं. माणूस घाबरला की बोलतो." आवाज मऊ, तुपासारखा. "तू पण ताणू नकोस. मी डाग काढतो, म्हातारा विसरेल."

"आणि डाग काढताना पानच गेलं तर?"

"जुनं कातडं आहे. काही सांगता येत नाही."

"इतकी घाई का? चारलाच?"

"ऑकलंडचं विमान आहे. तिथे मनुरेवाला ताई असते. दसऱ्याचं भेटून येतो."

निशिगंधा दारापर्यंत गेली आणि तिचा पाय अडखळला. आज ऑकलंडला जाणारा माणूस मंगळवारपर्यंत ख्राइस्टचर्चच्या घरात डाग कसा काढणार होता?

३

पण नुसत्या विमानाच्या तिकिटावरून चोर पकडता येत नाही. आणि चोरी तरी कसली? पान तर तिथेच होतं, सगळ्यांच्या समोर.

तीन वाजून दहा. काकू भांडी घासत होत्या. नोकरी गेली तरी भांडी घासत होत्या. निशिगंधाला ते बघवेना. ती बाजूच्या लॉन्ड्रीत गेली. तिच्या पांढऱ्या कुर्त्याच्या बाहीला बटाट्याच्या भाजीची हळद लागली होती. कपड्याच्या साबणाची वडी घेतली आणि कचाकचा घासली.

बाही लाल झाली.

ती बघतच राहिली. अहो, हे तर आपल्याकडे शेंबड्या पोराला माहितीये. हळदीच्या डागाला साबण लावला की लाल होतो. हिने तर चार वर्षं कॉलेजात त्यावर मार्क मिळवले होते: हळदीला क्षार भेटला की ती लाल. आणि चाळीस मिनिटं ही बाई माणसांची तोंडं बघत फिरत होती, तीन ओळींचा विद्वान, चिमणीवाला, मोजेवाला, आणि हळदीकडे बघायचं राहिलं होतं.

"काकू," ती ओली बाही घेऊनच धावली. "पानाला साबण लावला होतात कधी?"

"कातड्याला साबण? वेडी का तू?"

"मग क्षार कुठून आला?"

"म्हणजे?"

"हळद लाल कशाने होते, साबण सोडून?"

काकूंनी नळ बंद केला. "चुन्याने. माझी आत्या पान खायची. तिच्या चुन्याच्या बोटाला हळद लागली की आम्ही म्हणायचो, आत्याला कुंकू आलं."

चुना. निशिगंधा मागच्या दाराने गॅरेजमध्ये गेली. कोपऱ्यात निळं पिंप पालथं पडलेलं. सरळ केलं तर तळाशी पांढरा थर, दगडासारखा. आणि शेजारी रिकामं पोतं, त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं: विरवलेला चुना, उघड्या हातांनी हाताळू नये.

उघड्या हातांनी.

तिला ती पुरी आठवली.

४

पावणेचारला तिने सगळ्यांना अभ्यासिकेत बोलावलं. शिरीषची बॅग खांद्याला होती, पान कार्डबोर्डच्या पाकिटात घालून हातात.

"दोन मिनिटं," निशिगंधा म्हणाली. हातात वाटी, वाटीत ओली हळद. "सर, तुमच्याकडे जुन्या कातड्याचा एखादा निकामी तुकडा आहे? अगदी जुना?"

हॅलोवेलने कपाळाला आठ्या घालून खणातून एक पट्टी काढली. कुठल्याशा पुस्तकाच्या बांधणीतली, उंदरांनी कुरतडलेली. तिने त्यावर टिंब लावलं. पिवळं. सगळे बघत राहिले. पिवळंच.

"आता ते पान."

"मुळीच नाही," शिरीष म्हणाला. आवाजातलं तूप गोठलं होतं. "सर, आता ही पण खराब करणार."

"तसंही खराबच झालंय ना?" काकू म्हणाल्या. सगळ्यांसमोर, इतक्या वेळात पहिल्यांदा. "पाकीट दे, शिरीष."

त्याने दिलं नाही. गॅव्हिनने त्याच्या हातातून ते सहज काढलं, शिडीवरून वीट उचलावी तसं.

निशिगंधाने जुन्या ठिपक्याशेजारी दुसरं टिंब लावलं. पिवळं होतं. मग कडेने नारिंगी झालं. मग सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, कुंकवाला हात न लावता, लाल झालं.

"काकू खोटं बोलल्या नाहीत," ती म्हणाली. "त्यांनी हळदच लावली. ह्या कातड्यात केस सुटायला पिंपात घालतात तो चुना आहे, ताजा, नीट धुतलासुद्धा नाही. हजार वर्षांच्या कातड्यात चुन्याची धग उरत नाही, त्या पट्टीवर बघितलंत. ह्या कातड्याची मेंढी ह्याच वर्षी इथल्या कँटरबरीत चरत होती, सर. म्हणून त्याला मेंढीचा वास येतो. तुमचा सातबारा हा नव्हे."

"वर्कशॉपला तिघं होते. गॅव्हिन सॉसेजपुरता. चारुदत्त ओकण्यापुरता."

"मार्गदर्शन..." चारुदत्त पुटपुटला.

"तुमच्यावर मला एक क्षण संशय होता," ती त्याला म्हणाली. "पण चोरी करायची म्हणजे पान कसं बनतं ते यावं लागतं, बारा ओळी एकेक करून गिरवाव्या लागतात. तुम्हाला तीनच येतात."

त्याला ह्या दोषमुक्तीचं काही समाधान झालं नाही.

"मागे राहिला तो एकच. ज्याच्याकडे पानाचे मोठ्ठाले स्कॅन आहेत, गिरवायला. जो हिवाळ्यापासून मोजे काढत नाही. शिरीष, म्युझियमवाले कातडं स्वच्छ धुतलेल्या, उघड्या हातांनी हाताळतात, आधी तूही तसंच करायचास. मोजे तू कागदासाठी घालत नाहीस. आणि पुरी काट्याने खाल्लीस, मी तुला साहेब म्हणून मनात हसले. चूक माझी. लिंबू झोंबलं असतं. काढ मोजे."

"मी पण भूकंपानंतर घरात सिमेंटचं काम..."

"सिमेंटचे हात मी लपवत नाही, मित्रा," गॅव्हिन म्हणाला.

मोजे निघाले. बोटं सोललेली, लालबुंद, नखांजवळ फाटलेली. चार महिने चुन्यात हात घालून माणूस एक कातडं करतो, दुसरं करतो, फाटतं, परत करतो. मेहनत होती, त्यात वाद नाही. एवढी मेहनत दुसरीकडे केली असती तर बोटं तरी शाबूत राहिली असती.

"आणि डाग पडला तेव्हा तुझी लॉटरी लागली," निशिगंधा म्हणाली. "बुधवारी म्युझियमच्या बाईने बनावट ओळखलं असतं. पण साफ करताना पानच विरघळलं, तर ओळखायला काय उरतं? आणि दोष कुणाचा? कुंकू लावणाऱ्या बाईचा."

"पण अस्सल पान घराबाहेर गेलं कसं?" हॅलोवेलने विचारलं. म्हातारा एकदम लहान दिसत होता. "माझ्या दारात मी स्वतः बसतो. रोज बॅग बघतो."

"कुणाची?"

त्याने काकूंकडे बघितलं.

"रोज संध्याकाळी तुम्ही काकूंची पिशवी उघडायला लावता. डबा, छत्री, रुमाल, सगळं बघता. ह्याची लॅपटॉपची बॅग दोन वर्षांत एकदा तरी बघितलीत? परवा शुक्रवारी काकूंनी पुसलं तेव्हा पान अस्सलच होतं, म्हणजे बदललं त्यानंतर. आज बघा. अजून ती घरातच आहे."

गॅव्हिनने बॅगेची चेन ओढली. लॅपटॉपच्या मागच्या मऊ कप्प्यात, दोन पुठ्ठ्यांमध्ये, तपकिरी पडलेलं एक पान होतं. काकूंनी ते नाकाशी धरलं.

"ट्रंक," त्या म्हणाल्या.

शिरीष खुर्चीत बसला. "दोन वर्षं," तो हॅलोवेलला म्हणाला, "दोन वर्षं फुकट काम केलं मी. तुम्ही मला शेरी म्हणता. माझं नाव शेरी नाहीये. एकदा तरी विचारलंत?"

निशिगंधाला वाटलं, हे एवढं मात्र खरं बोलला. मग तिला काकूंचे कोरडे हात आठवले, पदराने पुसत राहिलेले, आणि तिचं मन परत कडक झालं.

"तुला नावाने कुणी हाक मारली नाही," ती म्हणाली, "म्हणून तू ज्यांनी तुला पुऱ्या तळून वाढल्या त्यांना विमानात बसवत होतास."

५

पोलीस आले, शिरीषला घेऊन गेले. चारुदत्त कधी गेला ते कळलंच नाही. पट्टा मात्र खुर्चीवर विसरला.

हॅलोवेलने पत्र लिहिलं. मोतीबिंदूमुळे अक्षरं तिरकी, पण सही ठळक. मग दुसरा कागद घेऊन माफी लिहायला लागला, तेव्हा काकू म्हणाल्या, "ते तोंडाने सांगायचं असतं, सर." त्याने सांगितलं. पूर्ण वाक्यात, नजर वर करून. हेडमास्तरला जड गेलं, पण सांगितलं.

"साट्-बाराला आता तुझी हळद लाव," तो म्हणाला. "पूजा अर्धी राहिली."

"नको. लांबूनच नमस्कार करते. म्युझियमच्या बाईला चक्कर येईल." काकूंनी टेबलावरचं बनावट पान उचललं, दोन लाल ठिपक्यांचं. "हे मी नेते. पोलिसांना हवं असेल तर रिकार्टनला येऊन बघतील, त्यांना सांगितलंय मी."

गॅव्हिन म्हणाला, तो पुरावा असतो, तसा नेता येत नाही. काकूंनी त्याच्याकडे असं बघितलं की तो शिडी आवरायला गेला. पान त्यांनी कागदात गुंडाळून पिशवीत ठेवलं, वर डबा, वर रुमाल.

दारात म्हाताऱ्याची खुर्ची होती. आज तो तिच्यात बसला नाही. भिंतीकडे वळून कुत्र्याचा पट्टा शोधत असल्यासारखं करत उभा राहिला. निशिगंधा पायरी उतरली. मागे बघते तर काकू थांबलेल्या.

"सर."

"जा, मंदा. उद्या ये."

काकूंनी पिशवी उघडली. दोन्ही बंद ताणून, तोंड मोठं करून, त्याच्या छातीपाशी धरली.

"आज पण बघायचं," त्या म्हणाल्या.

तो नको नको म्हणाला. काकू हलल्या नाहीत. बाहेर वारा सुटला होता, कोवाईची पिवळी फुलं पायरीवर येत होती, आणि हजार वर्षं जुन्या कागदाचा मालक, मान खाली घालून, एका नाशिकच्या बाईच्या पिशवीत बघत होता: रुमाल, डबा, छत्री. आणि इमिग्रेशनच्या पत्रावरची त्याची स्वतःची ठळक सही.

"झालं?" काकूंनी विचारलं.

"झालं," तो म्हणाला.

मग त्यांनी पिशवी मिटली.